रंगीत तालीम

तुमच्या लक्षात आलंय का? अमेरिकेला जाणाऱ्या विमानात आपली माणसं गप्प असतात आणि येताना बोलत सुटतात! जाताना प्रत्येकाच्या मांडीवर कागदपत्रांची फाईल असते आणि डोक्यात इमिग्रेशनच्या काउंटरवरचा माणूस. येताना बॅगेत चॉकलेटं, बदाम आणि कुणीतरी कुणासाठी तरी दिलेल्या व्हिटॅमिनच्या बाटल्या. आणि पोटात... पोटात काय असतं, तेच सांगायला आज बसलोय.

आधी थोडं गणित (सवय जात नाही). हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि मुंबईच्या घड्याळात साडेदहा तासांचा फरक असतो. थेट विमानाला साधारण पंधरा तास लागतात. म्हणजे संध्याकाळी पाचला उडालात तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मुंबईत. घड्याळ म्हणतं साडेपंचवीस तास गेले, शरीर म्हणतं पंधराच. मधले साडेदहा तास कुठल्याच लॉगमध्ये सापडत नाहीत. मला वाटतं, लोक जे काही बोलतात ते त्या बेहिशेबी तासांत बोलतात.

डिसेंबर २०२३ मध्ये मी दोन वर्षांनी घरी येत होतो. सीट मधली, अर्थातच. आमच्या नशिबात खिडकी नाही.

बाहेरच्या सीटवर सांगलीच्या एक काकू होत्या. व्हीलचेअरवरून आल्या, सीटपाशी आल्यावर टुणकन उठल्या आणि स्वतःची बॅग स्वतःच वर ठेवली. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अरे, पायांना काही झालेलं नाही. रोज चार किलोमीटर चालते मी. कुणी इंग्रजीत काही विचारलं तर पंचाईत नको म्हणून लेकीने खुर्ची मागवली." या मार्गावरच्या विमानांना व्हीलचेअरची ही मोठी रांग का असते, त्याचं उत्तर मला एका वाक्यात मिळालं.

काकू लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला सहा महिने राहून परत चालल्या होत्या. जेवणाचे ट्रे गेले, दिवे मंद झाले आणि काकू हळूच म्हणाल्या, "मी आता परत जाणार नाही बघ."

"का हो काकू?"

"नातवंडं गोड आहेत रे. जावई पण चांगला आहे. पण दिवसभर खिडकीतून रस्ता बघायचा आणि रस्त्यावर माणूस नाही. लेकीला अजून सांगितलं नाही. ह्यांना पण नाही. कसं सांगू?"

आणि मग त्यांनी चक्क वाक्यं जुळवायला सुरुवात केली. "हे बघ, माझे गुडघे आता... नको, गुडघ्यांचं खोटं चालायचं नाही, तिने मला रोज चालताना बघितलंय. मग असं म्हणू का, तुम्हीच या आता?" मी म्हटलं, हे चांगलं आहे. काकूंनी ते वाक्य अजून दोनदा म्हणून बघितलं. नाटकातलं पात्र पाठांतर करतं ना, अगदी तस्संच.

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. हे विमान म्हणजे तालमीचा हॉल आहे! घरी पोचल्यावर जे बोलायचंय ते आधी परक्या माणसासमोर म्हणून बघायचं.

रात्री कधीतरी पाय मोकळे करायला मागे पॅन्ट्रीपाशी गेलो. तिथे एक नागपूरचा मुलगा उभा होता, माझ्याच वयाचा, माझ्याच लाईनमधला. मी विचारलं, किती दिवस सुट्टी? तो म्हणाला, "सुट्टी कुठली भाऊ, मी तर पूर्णच चाललो ना." एच-वन-बी वर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, स्टेटस बदला, नाहीतर निघा. २०२२ च्या अखेरीपासून हे ६० दिवस आमच्या लाईनमध्ये सगळ्यांनाच पाठ झालेत. याने पन्नास दिवस काढले, गाडी विकली आणि चार वर्षांचा संसार तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगांत भरला. "घरी वाटते मी चुलतबहिणीच्या लग्नाला येऊन राहिलो. लग्न होऊ दे, मग सांगतो. का आधीच सांगू?"

मी काय सांगणार! माझ्याही खिशात एक वाक्य होतंच. कंपनीने विचारलं होतं, ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू करू का? एका वर्षात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या आसपासच कार्डं द्यायची असा तिथला नियम, त्यामुळे आपल्या लोकांची रांग दहा वर्षांहून लांब. हो म्हटलं तर माझी चाळिशी त्या रांगेतच येणार. आणि आई-बाबांच्या हिशेबात मी "दोन वर्षांसाठी" गेलेलो. ती दोन वर्षं त्याच महिन्यात संपत होती.

जागेवर येऊन मी हे सगळं काकूंना सांगून टाकलं. माझ्या मित्रांनाही मी ते इतकं सरळ सांगितलं नव्हतं. काकूंनी सल्ला दिला नाही, पद्धत सांगितली. "आधी आईला सांग, मग बाबांना. आणि जेवणं झाल्यावर सांग. जेवायच्या आधी नको."

असं का होतं? गेओर्ग झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ सालीच लिहून ठेवलंय की जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी माणसं परक्याला सांगतात. माझी थिअरी जरा गावठी आहे. विमानातला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई ५४०० फूट. म्हणजे पंधरा तास आपण कळसूबाईच्याही वर मुक्कामाला असतो! ट्रेकला गेलं की रात्री माणसं कशी मोकळी होतात, आठवा जरा. तसंच असणार हे.

पण सगळ्यांनाच तालीम करता येत नाही.

खिडकीपाशी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. जेवले नाहीत, झोपले नाहीत, समोरचा स्क्रीन नकाशावरून हलवला नाही. उजाडल्यावर त्यांनी मला पहिलंच वाक्य विचारलं, "मुंबईहून रात्री कोल्हापूरला गाडी लगेच मिळेल ना?" मी म्हटलं, मिळेल, सात-आठ तास लागतील. ते म्हणाले, "सगळे थांबलेत."

एवढंच. मराठी माणसाला यापुढे काही विचारावं लागत नाही.

बऱ्याच वेळाने ते आपणहून बोलायला लागले. वडिलांची लुना होती म्हणे. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि रुपये वहीत लिहायचे. लुना विकली तरी वही ठेवलेली. "ती वही मागून घेईन म्हणतो," ते म्हणाले. एवढं बोलून परत नकाशा.

विमान टेकलं आणि नेहमीचं सुरू झालं. पट्ट्यांचे खटाखट आवाज, दार उघडायच्या आत सगळे उभे. आम्ही पार मागे. काकू उठल्या, वाटेत आडव्या उभ्या राहिल्या आणि पुढच्याला म्हणाल्या, "आधी यांना जाऊ द्या." त्याने मागे वळून बघितलं आणि पुढच्याच्या खांद्याला हात लावला. "जाने दो, जाने दो" असं ओळीओळीने पुढे जात राहिलं. कुणी कारण विचारलं नाही. जिथे एरवी माणूस कोपराने जागा काढतो, तिथे त्या गृहस्थांना दारापर्यंत सरळ वाट मिळाली. त्यांनी वळून बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग दाराशी व्हीलचेअर दिसली आणि चार किलोमीटर चालणाऱ्या काकू निमूटपणे तिच्यात बसल्या.

मी घरी तिसऱ्या दिवशी सांगितलं. आधी आईला, जेवणं झाल्यावर. आई थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "दहा वर्षं म्हणजे बाबा सत्तर होतील." इतकं सोपं गणित मी केलं नव्हतं असं नाही, पण तिच्या तोंडून ऐकणं वेगळं. कंपनीला मी अजून वेळ द्या म्हणून कळवलं. तो निर्णय कसा झाला तो वेगळा विषय, पुन्हा कधीतरी.

काकूंनी लेकीला सांगितलं का, नागपूरकराने लग्नाआधी सांगितलं की नंतर, मला कधीच कळणार नाही. आम्ही एकमेकांचे नंबरही घेतले नाहीत. घेतले असते तर ओळख झाली असती, आणि ओळखीच्या माणसासमोर मग पुन्हा सगळं ठीकच आहे म्हणावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरी येताना शेजारच्याने "कुठले तुम्ही?" असं विचारलं, तर लगेच हेडफोन चढवू नका. त्यांना तुमच्याशी बोलायचं नसतंच. घरच्यांशी बोलायचं असतं, घर अजून पंधरा तास लांब असतं, आणि तुम्ही शेजारी असता. असो.