मरियमचं गाणं

आम्ही गुरुवार पेठेतले. पंचहौदाच्या चर्चच्या घंटा ऐकतच वाढलो. आता बुधवारी रात्री मी मोबाईलवर बीबीसीचं ‘कोरल इव्हनसाँग’ लावतो. १९२६पासून रेडिओवर चालू असलेली ही अँग्लिकन सायंप्रार्थना. त्यात दाऊद नबींच्या नावाची स्तोत्रं असतात, मग मॅग्निफिकॅट.

अम्मीनं विचारलं, “हे काय रे?”

“बीबी मरियमचं गाणं.”

सूरह मरियम तिला तोंडपाठ, म्हणून बसली ऐकत. “शेवटी काय म्हणाले?”

खरं सांगणं भाग होतं. “पित्याला, पुत्राला, पवित्र आत्म्याला गौरव.”

“मग तेवढं सोडून ऐक.”

हल्ली तिथं आलं की अंगठा आपोआप आवाज बारीक करतो. पुरता बंद करवत नाही. बहुतेकदा सगळे सूर तिथंच भरून येतात.