बिबवेवाडीचा उतार आणि पायाखालचें पेडल

स्वारगेटवरून सातारा रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे डाव्या हातास बिबवेवाडी लागते. एके काळीं हें शहराबाहेरील खेडें होतें. आतां तें पुणें शहराच्या पोटांत पूर्णपणें सामावलें आहे. येथील भूमि सपाट नाहीं हें समजण्यास नकाशा नको, बसगाडीची पाटी वाचली तरी पुरे. ज्या वस्त्यांस ‘अप्पर इंदिरानगर’ आणि ‘लोअर इंदिरानगर’ अशीं नांवें पडलीं, तेथें चढउतार ओघानेंच आला. उत्तरेस गुलटेकडीचें मार्केट यार्ड, दक्षिणेस टेकडी व पलीकडे कोंढवा. त्यामुळें मालमोटारी, रिक्षा, दुचाक्या आणि शाळेंत जाणारीं मुलें यांची एकाच रस्त्यावर गर्दी असते. त्यांतहि आईमाता मंदिरापासून गंगाधाम चौकाकडे येणारा उतार असा आहे कीं, तो उतरतांना गप्पिष्ट मनुष्यहि क्षणभर गप्प होतो.

या भागांतील मोटारदुरुस्तीच्या एका लहानशा दुकानांत आम्हीं मध्यंतरीं अर्धा दिवस घालविला. एक गृहस्थ आपली गाडी घेऊन आले होते. मागें त्यांच्या वृद्ध मातोश्री व दोन नातवंडें बसलीं होतीं. दुसरे दिवशीं सर्वांस कात्रजचा घाट ओलांडून गांवीं जावयाचें होतें. तक्रार अशी कीं, ब्रेकचें पेडल आरंभीं नीट लागतें, पण चौकांत त्यावर पाय ठेवून उभें राहिलें म्हणजे हळूहळू तळाशीं जातें. अन्यत्र दोन वेळां तेल घालून व हवा काढून झाली होती. दोन दिवस बरें, पुन्हां तेंच.

मिस्त्रींनीं पाना हातीं घेतला नाहीं. “आजी, तुम्ही मुलांना घेऊन जरा खाली उतरा,” असें सांगून ते स्वतः चालकाच्या जागीं बसले. इंजिन बंद ठेवून त्यांनीं पेडल चारपांच वेळां दाबलें, तेव्हां तें घट्ट झालें. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलें. पेडल किंचित् खालीं गेलें. पुष्कळ लोक याच हालचालीस बिघाड समजतात. वास्तविक पायाच्या जोरास साहाय्य करणारा बूस्टर शाबूत असल्याची ती खूण होय. नंतर त्यांनीं पाय एकसारखा दाबून ठेविला व स्वस्थ बसले. अर्ध्या मिनिटांत पेडल सावकाश बसूं लागलें.

या यंत्राचें मूळ पास्कालच्या सिद्धान्तांत आहे: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोंचतो. माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थांनीं १९१७ सालीं अशा ब्रेकचें पेटंट घेतलें, आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारहि चाकांस ते बसले. पायानें मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या ढकलला जातो आणि तेल नळ्यांतून चाकांकडे दाब नेतें. तेल दबत नाहीं, हवा दबते. म्हणून नळींत हवा शिरली कीं पेडल स्पंजासारखें मऊ लागतें व भराभर दोनतीनदां दाबल्यास सुधारतें. मागील ड्रमांतील लायनर झिजले असतां पेडल खोल जातें, परंतु तेथें घट्ट लागतें. एकसारख्या दाबाखालीं जें हळूहळू बसतें, त्याचें तेल मात्र कोठें तरी निसटत असतें.

कोठें, हाच प्रश्न होता. मिस्त्रींनीं तेलाच्या बाटलीवर पातळीची खूण केली, चारहि चाकांच्या आंतील बाजू व नळ्यांचे सांधे बोटानें चाचपले, मास्टर सिलिंडर बूस्टरला मिळतो तेथेंहि पाहिलें. सर्व कोरडें; पातळीहि ढळली नव्हती. तेव्हां दोष मास्टर सिलिंडराच्या पोटांतील रबरी वायसरांत, हें उघड झालें. वायसर झिजला म्हणजे तेल बाहेर न सांडतां दट्ट्याच्या कडेनें मागें सरकतें. मग हवा कितीहि वेळां काढा, व्यर्थ.

“किट टाकून भागेल का?” गृहस्थांनीं विचारलें. “घाट उतरायचाय ना साहेब? नवाच बसवू,” मिस्त्री म्हणाले. आम्हांस हें उत्तर योग्य वाटलें.

नवा सिलिंडर बसल्यावर हवा काढणें आलेंच. बहुधा सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करितात, तथापि गाडीच्या पुस्तकांतील क्रम प्रमाण मानावा. कांहीं नव्या गाड्यांस यासाठीं संगणकहि जोडावा लागतो. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें चाकाचें निपल सैल करावें, आणि तें बंद होईपर्यंत पहिल्यानें पाय उचलूं नये. बाटली मध्येंच रिकामी झाली तर सारा खटाटोप पुन्हां. निघालेलें तेल परत घालूं नये. इंजिन-ऑईल तर चुकूनहि नको; त्यानें रबर फुगतें.

ब्रेक-ऑईलविषयीं आणखी एक गोष्ट गृहिणींसहि सहज पटेल, कारण उघड्या बरणींतील मिठास पाणी सुटलेलें त्यांनीं पाहिलें आहे. हें तेलहि हवेंतील ओलावा शोषितें. ‘डॉट ३’ जातीचें कोरडें तेल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. ‘डॉट ४’ चे हेच आंकडे २३० व १५५. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेविला कीं तो तापतो, ओलें तेल उकळतें, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेंच दबते. मग सपाटीवर शहाण्यासारखें वागणारें पेडल उतारावर एकाएकीं तळ गांठतें. म्हणून साधारणतः दोन वर्षांनीं तेल बदलावें.

उतारावर पेट्रोल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करणारे महाभागहि आहेत. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं नवले पुलापाशीं एका मालमोटारीनें सुमारें ४८ वाहनांची नासधूस केली. प्रथम ब्रेक निकामी झाल्याचें बोललें गेलें. तपासांत मात्र चालकानें उतारावर इंजिन बंद केल्याची गोष्ट पुढें आली. आपल्या लहान गाडींतहि इंजिन थांबलें कीं बूस्टरचा सांठा दोनतीन दाबांत संपतो, व पेडल दगडासारखें होतें.

जो चढ ज्या गियरमध्यें चढावा लागतो, त्याच गियरमध्यें तो उतरावा. तरीहि उतारावर पेडल खालीं गेलेंच, तर इंजिन चालू ठेवून तें भराभर दाबावें, गियर एकेक करून खालीं आणावा आणि हँडब्रेक बेताबेतानें ओढावा. एकदम ओढल्यास मागील चाकें जखडून गाडी आडवी होते.