पलीकडची आठशे डोकी

त्या फायलीतला लोकसंख्येचा तक्ता मला अजून तोंडपाठ आहे. सात पाडे, प्रत्येकापुढे आकडा आणि खाली बेरीज: 3,039. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र, सपाटीवर पाच हजारांना एक, हा निकष आमच्या खात्यात शिपायालाही पाठ असतो. म्हणजे आमचा प्रस्ताव एकोणचाळीस डोक्यांनी काठावर पास झाला. आणि त्या बेरजेतली आठशेच्या वर डोकी नदीपलीकडची होती.

तालुक्याचं नाव लिहीत नाही. त्या वेळची काही माणसं अजून खुर्चीत आहेत. सह्याद्रीच्या उत्तर टोकाचा नाचणी-वरईचा मुलूख, एवढं पुरे. मी तिथं आरोग्यसेवक होतो. तापाच्या रुग्णांचं रक्त काचपट्टीवर घ्यायचं, विहिरीत टीसीएल टाकायची, घरांवर गेरूने नंबर घालायचे, ही कामं. त्यामुळे कुठल्या घरात किती माणसं, कोण पोटुशी, कोण भट्टीवर गेलं, हे माझ्या वहीत असायचं. प्रस्तावात मात्र वहीला किंमत नव्हती. आकडे जनगणनेचेच हवेत, आणि तेही 2001 चे.

आता ही जनगणना कधी झाली? 9 ते 28 फेब्रुवारी. दिवाळी झाली की आमच्याकडचे निम्मे पाडे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. बायकामुलं, कोंबड्या, तवा-परात घेऊन. परततात ते पावसाच्या तोंडावर. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, त्याची नोंद गावात होत नाही. तो जिथं असेल तिथं व्हायची. भट्टीवरच्या झापात कुणी गेलं असेल तर झाली असेल. पावसाळ्यात, म्हणजे दवाखान्याची खरी गरज पडते तेव्हा, अलीकडच्या पाड्यांत माझ्या वहीप्रमाणे तीन हजारांहून पुष्कळ जास्त माणसं होती. कागदावर ती बावीसशेच्या आसपास भरली. मग तीन हजार भरायचे कसे? पलीकडचे दोन पाडे जोडले. गटग्रामपंचायत एकच, तेव्हा कागदोपत्री काही चूक नाही.

इथवर मला राग नव्हता. उलट मी खूश होतो. पलीकडच्यांना धरलंय म्हणजे दवाखाना मध्ये कुठेतरी, नदीच्या उतारापाशी येणार, असं मला वाटलं. उतारापाशी एक माळ आहे, पुराच्या रेषेच्या वर. पलीकडून हाक मारली तर ऐकू येते. पुरात नदी ओलांडता आली नाही तरी नर्सबाई या काठावरून बोलू शकते, दोर टाकून औषधाची पिशवी पोचवता येते. आमच्या लोकांनी रेशनही तसंच पोचवलेलं आहे.

माळ वनखात्याचा. बैठकीत हा शब्द निघाला आणि विषय मिटला. खरं म्हणजे वनहक्क कायदा 2006 चा. त्यात स्पष्ट तरतूद आहे की दवाखाना, शाळा, अंगणवाडी अशा कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत, एवढंच. माळावर चार-दोन करवंदीच्या जाळ्या होत्या. उपकेंद्राला हेक्टर कशाला, थोडे गुंठे लागतात. पण त्या मार्गाने जायचं तर ग्रामसभा घ्या, वनखात्याकडे खेटे घाला, वर्ष घालवा. निधी मार्चअखेर परत जाईल, ही भीती कायद्यापेक्षा मोठी.

तेवढ्यात एका गृहस्थांनी डांबरी रस्त्यालगतची जागा बक्षीसपत्राने देऊ केली. फुकट जागा म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. दवाखाना आला की शेजारच्या जमिनीला भाव येतो आणि शेजारची जमीनही त्यांचीच, हे बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. बोललं कुणीच नाही. नदी तिथून आणखी लांब.

राहिला अंतराचा दाखला. हाच मला आजही खुपतो. अभियंता मे महिन्यात आले. चांगला मुलगा होता, उन्हाने लाल झालेला. नदी कोरडी ठणठणीत, पात्रात गुरं बसलेली. आम्ही दगडांवरून चालत पलीकडे गेलो, पाड्यावर पाणी प्यायलो, परत आलो. दाखल्यावर अंतर पडलं तीन किलोमीटर. मी म्हटलं, ‘साहेब, जूनपासून दसऱ्यापर्यंत इथून जाता येत नाही. खालच्या पुलावरून वळसा घालावा लागतो, चौदा किलोमीटर. त्यातला निम्मा रस्ता बैलगाडीचा.’ ते म्हणाले, ‘दाखल्यात महिन्याचा रकाना नाही, भाऊ.’ खोटं नव्हतं ते. रकाना नव्हताच.

मी एका कागदावर पाडा, चालायला लागणारा वेळ, पावसाळ्यातला वेळ असं लिहून डॉक्टरसाहेबांमार्फत वर पाठवलं. फाईल मंजूर होऊन आली तेव्हा सातबारा होता, ठराव होता, दाखला होता, तक्ता होता. माझा कागद नव्हता. कुणी फाडला असेल असं मी म्हणत नाही. जोडपत्रांच्या यादीत जो कागद नसतो, तो टिकत नाही.

पुढच्या आवणीत पलीकडच्या एका म्हाताऱ्या सुईणीने मला गाठलं. म्हणाली, ‘डॉक्टर, आमची नावं लिहून नेलीस ना रे तू? मग दवाखाना कुठं उतरवलास?’ तिच्या पाड्यावर लसीकरणाचं सत्र जुलैत झालं नाही, ऑगस्टमध्ये नर्सबाई वळसा घालून कशीबशी पोचली. बाळंतपणं त्या म्हातारीनेच केली. अहवालात मात्र ते दोन्ही पाडे ‘उपकेंद्राच्या कार्यक्षेत्रात’. म्हणजे आता त्यांच्यासाठी वेगळी मागणीही करता येत नाही. दवाखाना मिळाला नाही ते मिळालं नाही, वर तो मागायचा हक्कही गेला.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर ते अप्रामाणिक होईल. रस्त्यालगतच्या त्या उपकेंद्रात नर्सबाई राहते. खरोखर राहते. वीज आहे, एसटी दारात थांबते, रात्री माणसांची जाग असते. आमच्याच भागात गावाबाहेर, मसणवट्याच्या बाजूला फुकटच्या जागेवर बांधलेली उपकेंद्रं मी पाहिली आहेत. तिथं निवासस्थानाच्या खिडक्यांची तावदानंसुद्धा शिल्लक नाहीत. एकटी बाई तिथं कशी राहील? माझ्या माळावर बांधलं असतं तर ती राहिली असती का? या प्रश्नावर मी स्वतःशीच बरेच वेळा हरलो आहे. बाजाराच्या दिवशी तर रस्त्यावरच्या उपकेंद्रात रांग लागते, पलीकडचेही त्यात असतात, दिवाळीनंतर का होईना. मग जागा चुकली म्हणायचं की नाही?

चुकली असंच मी म्हणतो. निदान ठरवण्याची रीत चुकली. जागा बघायला मेमध्ये जाऊच नये, श्रावणात जावं, आणि सातवा महिना लागलेल्या बाईच्या चालीने चालून वेळ मोजावा. दवाखाना एका जागी खिळलेलाच असला पाहिजे असंही नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने नंदुरबारमधली नर्मदाकाठची गावं तोडली, तेव्हा तिथं बोटीतून दवाखाना फिरवला गेलाच की. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच बायकांना शिकवून उभं केलं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळाची काळजी घराच्या उंबऱ्याच्या आत नेली. आशाताई त्याच वाटेने आली. पण हल्ली कुठल्याही पाड्याने दवाखाना मागितला की साहेब लोक म्हणतात, ‘तुमच्याकडे आशा आहे ना?’ याची मला चीड येते. आशाताईने पुरात काय पोहत जायचं?

साकवाचं अंदाजपत्रक दोनदा झालं, असं ऐकतो. आता तिथल्या नव्या डॉक्टरबाईंनी पलीकडच्या पाड्यांसाठी स्वतंत्र उपकेंद्राची जुळवाजुळव चालवली आहे. जुन्या वह्या आहेत का, म्हणून त्यांनी मला फोन केला. वह्या दिल्या. 2021 ची जनगणना झालीच नाही, तेव्हा आकडे 2011 चे धरावे लागतील, नाहीतर नव्या जनगणनेची वाट बघा, असं त्यांना वरून सांगितलंय. नव्या जनगणनेचा संदर्भदिन ठरलाय 1 मार्च 2027. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीत. पाडे भट्टीवर असतील. त्या दिवसांत भट्ट्यांवर जाऊन माणसं मोजायला कुणाला पाठवणार, हे आत्ताच लेखी विचारून ठेवा, एवढं मी डॉक्टरबाईंना सांगितलं आहे. आणि पत्र जोडपत्रांच्या यादीत नंबर घालून लावा, हेही.