अस्वलाची परीक्षा

शिकारीला जायचे म्हणजे काय काय लागते, असे कुणी विचारले असते तर मी बेधडक सांगितले असते की एक बंदूक, एक धीराचा सोबती आणि घरच्या मंडळींची संमती. यांतली तिसरी वस्तू सर्वांत दुर्मिळ हे खरेच. परंतु या तिन्हींच्या आधी एक चौथी वस्तू लागते, आणि ती म्हणजे कागद. येत्या मे महिन्यात मी आयुष्यातल्या पहिल्या अस्वलाच्या शिकारीला निघणार आहे. बेत शिजतो आहे गेल्या मार्चपासून, आणि त्याच्या कागदांनी आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग केव्हाच बळकावला आहे. परवा चकल्यांना जागा करायची म्हणून हिने ते सगळे उचलून कपाटावर ठेवले. जाता जाता म्हणाली, "एवढ्या कागदांत तर अस्वलाचे लग्न झाले असते!"

मी राहतो अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोपासून तासाभराच्या अंतरावर. मक्याच्या शेतांचा हा सपाट मुलूख. इथे हरणे भरपूर, आणि त्यांच्या शिकारीला मी सात-आठ वर्षे जातो आहे. अस्वलाच्या शिकारीचा हंगाम मात्र या राज्यात नाही. त्यासाठी परराज्यात जायला हवे, आणि कुठल्या परराज्यात, हा प्रश्न माझ्या मित्राने परस्पर सोडवून टाकला. हा गृहस्थ माझ्याच कचेरीतून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला. त्याचे बालपण मोंटाना राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, लिबी गावाच्या आसपास गेले. आता त्याचे गुडघे कुरकुरतात. "मला गोळी झाडायची नाही," तो म्हणाला. "दुर्बीण घेऊन एकदा त्या डोंगरासमोर बसायचे आहे. झाडायची असेल तर तू झाड." माणसे काशीला जाण्याचे बेत करतात तसा हा बेत ठरला.

शिकागोहून लिबी दीड हजार मैलांहून अधिक दूर आहे. विमानाने जावे तर बंदूक रिकामी करून, कुलूपबंद टणक पेटीत घालून, तसे जाहीर करून सामानात द्यावी लागते. अस्वल अंगावर आले तर त्याच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा मात्र विमानात चालतच नाही, तो तिथे जाऊनच विकत घ्यायचा. आम्ही मोटारीनेच जाणार आहोत. शिवाय परतताना मांसाच्या शीतपेट्या येतील, अशी माझी आशा आहे. हिची आशा वेगळी आहे.

जंगल ठरले ते कुटनी राष्ट्रीय वन. बावीस लाख एकरांचा विस्तार, उतारांवर फर आणि लार्चची दाट झाडी, आणि मे महिन्यातही उंचावर बर्फ. ही जमीन केंद्र सरकारची, म्हणजे सर्वांची. तिथे राहुटी ठोकायला मला कुणाची ओळख काढावी लागत नाही. पण जमीन सर्वांची असली तरी तिच्यावर हिंडणाऱ्या जनावराची व्यवस्था राज्याकडे! त्यामुळे रहिवासी आणि परका असा भेद तिथे सुरू होतो. काळ्या अस्वलाच्या परवान्यासाठी परराज्यातल्या माणसाने साडेतीनशे डॉलर मोजायचे. रहिवाशाला त्याच्या दशांशाहूनही कमी पडतात. माझे मला काही वाटले नाही, पाहुण्याने पाहुण्याचा दर द्यावा. पण ज्या डोंगरात बाप त्याला खांद्यावर बसवून हिंडला, त्या डोंगरातला हा दर वाचून माझा मित्र दोन मिनिटे गप्प झाला. त्याला परवाना नको आहे, पण दर त्याने वाचला. मी त्याला माझे ओसीआयचे पुस्तक काढून दाखवले. नागरिकत्व सोडलेल्या माणसाला भारतात उतरताना ते दाखवावे लागते. परतवाड्याला जन्मलेला मी आणि लिबीला वाढलेला तो, दोघेही आपापल्या गावचे पाहुणे. मग त्याला जरा बरे वाटले.

असो. परवान्याचे पैसे तयार ठेवले तरी परवाना मिळत नाही. आधी परीक्षा द्यावी लागते! मोंटानात काळ्या अस्वलाचा परवाना हवा असेल तर अस्वल ओळखण्याची परीक्षा द्यायची आणि शंभरात किमान ऐंशी गुण मिळवायचे. कारण त्या डोंगरात दोन जातींची अस्वले आहेत. एक काळे अस्वल आणि दुसरे ग्रिझली. ग्रिझलीला 1975 सालापासून कायद्याचे संरक्षण आहे. चुकून मारले तरी तो गुन्हा. आता काळे कोणते आणि ग्रिझली कोणते, यात अवघड काय, असे वाचकांना वाटेल. अवघड एवढेच, की काळे अस्वल काळे असतेच असे नाही. पश्चिमेच्या डोंगरात ते तपकिरी असते, दालचिनीच्या रंगाचे असते, क्वचित गव्हाळही असते. आणि ग्रिझली कधी कधी काळपट असते. तेव्हा रंग विसरायचा. खांद्यावर उंचवटा आहे का ते पाहायचे. असेल तर ग्रिझली. चेहरा कपाळापासून नाकापर्यंत सरळ उतरतो की मध्ये बशीसारखा खोलगट आहे ते पाहायचे. खोलगट असेल तर ग्रिझली. कान आखूड गोल की उंच टोकदार, पुढच्या पंजाची नखे लांब फिकट की आखूड काळसर, हेही पाहायचे. एका खुणेवर विसंबायचे नाही. मॅट्रिकच्या परीक्षेनंतर मी एवढा अभ्यास केला नव्हता. माझी पंधरा वर्षांची मुलगी शेजारी बसून चित्रे दाखवी आणि मी ओरडे, "काळे! ग्रिझली! काळे!" आई त्या वेळी परतवाड्याहून फोनवर होती. तिला वाटले घरात भांडण चालले आहे.

आईला मग सगळे सांगावे लागले. ती क्षणभर थांबून म्हणाली, "अस्वलाने तुझे काय बिघडवले आहे रे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते, अजूनही नाही. माझे लहानपण मेळघाटच्या पायथ्याशी गेले. अस्वल हा शब्द आमच्या घरात हलक्या आवाजात बोलला जाई. मोहाची फुले पडू लागली की भल्या पहाटे ती वेचायला गेलेल्या माणसांची आणि अस्वलांची गाठ पडे. दोघेही त्याच फुलांसाठी आलेले. चेहऱ्याची एक बाजू हरवलेला एक म्हातारा आमच्या आळीत लाकडे घेऊन येत असे. तरी त्याच्या तोंडून अस्वलाला शिवी ऐकल्याचे मला आठवत नाही. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर अस्वलाची शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. मग तिथे जे मी करणार नाही ते इथे का करायला निघालो आहे? इथे अस्वले विपुल आहेत, संख्या मोजून परवाने दिले जातात, बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा 1937 च्या एका कायद्यान्वये वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी राज्यांना मिळतो, हे सगळे मी आईला सांगितले. सगळे खरे आहे. पण प्रश्न तिने अस्वलाबद्दल विचारला होता आणि उत्तर मी हिशेबाचे दिले.

अमेरिकेतही याबद्दल एकमत नाही, हे सांगितले पाहिजे. कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी 1992 साली वसंतातली अस्वलाची शिकार बंद करून टाकली. वॉशिंग्टन राज्याच्या वन्यजीव आयोगाने 2022 साली तेच केले, आणि तेही एका मताच्या फरकाने. दोन्हीकडे आक्षेप अस्वलाच्या शिकारीला जितका होता, त्याहून अधिक वसंत ऋतूला होता. त्याचे कारण समजायला अस्वलाचे वर्षाचे वेळापत्रक ठाऊक हवे.

नर-मादी भेटतात जूनच्या सुमारास. पण गर्भ लगेच वाढीला लागत नाही. तो शरदापर्यंत नुसता थांबून राहतो. तोपर्यंत मादी खाऊन खाऊन पुरेशी चरबी साठवू शकली तर तो रुजतो, नाही तर विरून जातो. मग हिवाळ्याच्या ऐन मध्यावर, बर्फाखालच्या गुहेत, ती बाळंत होते. पिल्लू पाव किलोच्या आसपास, डोळे मिटलेले. आई काही खात नाही, पाणी पीत नाही, आणि त्या उपवासातच पिल्लांना पाजते. वसंतात गुहेतून आधी बाहेर पडतात ते नर. नव्या पिल्लांच्या आया सर्वांत शेवटी. मोंटानात शिकारीचा हंगाम 15 एप्रिलला सुरू होतो तो नरांच्या वेळेला धरून. पण मे महिना उजाडला की आयाही त्याच हिरवळीवर येतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ आधी वितळतो, तिथे कोवळे गवत, क्लोव्हर आणि डँडेलियन उगवते, आणि चार-पाच महिन्यांचा उपवास सोडायला सगळी अस्वले गाईगुरांसारखी चरत असतात. आमिष ठेवणे मोंटानात मना आहे. शिकाऱ्याने समोरच्या डोंगरावर बसायचे आणि तासन्‌तास दुर्बिणीतून हिरवे पट्टे न्याहाळायचे. माझ्या मित्राला हवे ते हेच.

पिल्ले बरोबर असलेल्या मादीला मारणे गुन्हा आहे. हे वाचून मी निश्चिंत झालो होतो. पण हे सगळे घरी जेवताना वाचून दाखवले, तेव्हा हिने भाताचा घास हातात धरून विचारले, "ती एकटी आहे हे तुम्हाला कसे कळणार?"

आपल्याकडची अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते, दुरूनही दिसतात. इथली आई तसे करत नाही. ती पिल्लांना एखाद्या मोठ्या झाडावर चढवते आणि स्वतः खाली, थोड्या अंतरावर, चरायला जाते. दुर्बिणीत दिसते ते एकटे, शांत, गवत खाणारे अस्वल. कायद्याच्या भाषेत पिल्ले 'बरोबर' नाहीत, कारण ती दिसतच नाहीत. गोळी लागल्यावर ती झाडावरच बसून राहतात. हिच्या प्रश्नावर मी जे काही वाचले आणि मित्राला विचारले, त्याचे सार एवढेच निघाले, की बघत राहायचे. अर्धा तास, तासभर. ते अस्वल पुन्हा पुन्हा एकाच झाडाकडे पाहते का? मोठ्या नराचे डोके रुंद असते, त्यामुळे कान लहान आणि दोन बाजूंना गेलेले दिसतात. लहान अस्वलाचे किंवा मादीचे कान डोक्यावर उभे, मोठे वाटतात. चाल नराची डुलती, पुढचे पाय जाड. एवढे सगळे पाहूनही खात्री झाली नाही तर? "मग रायफल खाली ठेवायची आणि कॉफी प्यायची," मित्र म्हणाला. "माझ्या बापाने खूप कॉफी प्यायली."

मुलीने या चर्चेत वेगळीच भर घातली. तिचे जुने, एका डोळ्याचे टेडी बेअर तिने माझ्या कागदांवर आणून बसवले. या खेळण्याचा जन्मच मुळी शिकारीतून झाला, हे तिला मी सांगितले. 1902 च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले होते. त्यांना अस्वल मिळेना. गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे नामांकित शिकारी झालेला हॉल्ट कॉलियर हा त्यांचा वाटाड्या. त्याने एक काळे अस्वल पकडून झाडाला बांधले आणि रूझवेल्टना बोलावले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमनने त्यावर व्यंगचित्र काढले, ब्रुकलिनच्या मॉरिस मिचटम नावाच्या दुकानदाराने कापडी अस्वल शिवून त्याला 'टेडी'चे नाव दिले, आणि जगभरच्या मुलांना उशाशी घ्यायला सोबती मिळाला. मुलीला गोष्ट आवडली. "मग त्या अस्वलाला सोडून दिले ना?" तिने विचारले. सोडले नव्हते. ते फार जखमी होते, म्हणून त्याचे हाल संपवा असे रूझवेल्टनी सांगितले आणि ते सुरीने मारले गेले. मी हेही तिला सांगितले. तिने टेडी उचलला आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवला.

हिचा विरोध मात्र आता निराळ्या अंगाने चालला आहे. ही शाकाहारी. माझ्या हरणाच्या मांसाचा कप्पा शीतकपाटात वेगळा, भांडी वेगळी. तिच्या वाचनात 2022 सालची एक हकिगत आली. एका कुटुंबाच्या स्नेहसंमेलनात अस्वलाच्या मांसाचे कबाब केले होते. मांस दीड महिना गोठवून ठेवलेले; पण अस्वलाच्या मांसातले ट्रायकिनेला नावाचे जंतू गोठवून मरतातच असे नाही. मांस काळपट असल्याने ते कच्चे राहिल्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही. सहा जण आजारी पडले, आणि त्यांतल्या दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता. त्यांनी फक्त त्याबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या! हे वाक्य हिने मला तीनदा वाचून दाखवले. त्यावरचा उपाय साधा आहे. आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसची उष्णता पोचली पाहिजे, की जंतू मरतात.

तेव्हा सध्या तडजोड अशी झाली आहे. रविवारी सकाळी मी नेमबाजीच्या मैदानावर जातो. अस्वलावर दोनशे यार्डांपलीकडून गोळी झाडायची नाही, असे मी स्वतःशी ठरवले आहे. शिकार झालीच तर अठ्ठेचाळीस तासांत राज्याला कळवायचे, तो क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. मित्राने गुडघ्यांसाठी दोन काठ्या घेतल्या आहेत. लिबीकडच्या डोंगरातले पुष्कळ जुने रस्ते ग्रिझलींना त्रास नको म्हणून फाटके लावून मोटारींना बंद केलेले आहेत, पलीकडे पायीच जावे लागते. म्हणून त्याने नकाशावर फाटकापासून अर्ध्या मैलाच्या आतल्या बसण्याच्या जागा तांबड्या पेन्सिलीने खुणावल्या आहेत. त्यांतली एक जागा त्याच्या बापाची आहे म्हणे. तिथे एक आडवा पडलेला लार्च होता, आता असेल की नाही कोण जाणे.

आणि हीसुद्धा येणार आहे. डोंगरात नव्हे, लिबीत खोली घेऊन राहणार आहे. मांस मिळाले तर घरी आणण्याआधी तिथेच थोडे शिजवून पाहायचे, आणि ते तिच्या देखरेखीखाली, असे तिने जाहीर केले आहे. त्यासाठी एक वेगळा प्रेशर कुकर तिने विकत आणला. त्यावर तेलरंगाने अस्वलाचे तोंड काढले आहे, म्हणजे तो चुकून वरणाला वापरला जाणार नाही. उंच कान, सरळ नाक. मुलीने पाहून सांगितले, "काळे."