कोळशाची मोटर

मोटर बंद पडते ती दोन तऱ्हांनी. एक म्हणजे वीज दिल्यावर गुरगुरते, पण फिरत नाही. दुसरी म्हणजे हूं की चूं करत नाही. ज्यांनी मिक्सरवर वीस-पंचवीस वर्षं चटण्या वाटल्या आहेत त्यांना हा फरक सांगायला नको. गुरगुरणाऱ्या मोटरीत काहीतरी अडकलेलं असतं. गप्प बसलेलीत वीज कुठंतरी मध्येच तुटलेली असते. शेजारच्या आजोबांची मोटर गप्प बसणाऱ्यांपैकी होती.

हे आजोबा म्हणजे न्यू जर्सीत, एडिसनला, माझ्या लेकीच्या शेजारी राहणारे अमेरिकन गृहस्थ. वय ऐंशीच्या पुढे. मी स्वतः आजी असून त्यांना आजोबा म्हणते, ते नातवाच्या नात्यानं. मोटर होती त्यांच्या खेळण्यातल्या रेल्वेची. म्हणजे गाडीची नव्हे, गाडीत कोळसा भरायच्या यंत्राची. वीतभर उंचीचा तिरका पट्टा, खाली एक पसरट ताट. एका बाजूनं डबा येतो, ताटात खोटा कोळसा ओततो, पट्टा तो वर चढवतो आणि पलीकडच्या रुळावरच्या दुसऱ्या डब्यात टाकतो. बस्स, इतकंच. मग तोच कोळसा पुन्हा अलीकडे आणायचा!

लायोनेल कंपनीनं हे यंत्र १९४८ ते १९५७ या काळात विकलं. जोशुआ लायोनेल काउएन या गृहस्थांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. पुढं तिचा कारखाना इथंच, हिलसाइडला होता. एडिसनहून गाडीनं अर्ध्या तासाच्या आतबाहेर. (आमच्या गावाला ज्यांचं नाव आहे त्या एडिसनसाहेबांनीही १८८० साली मेन्लो पार्कच्या आपल्या आवारात विजेची छोटी रेल्वे चालवली होती. तेव्हा या मातीतच काहीतरी असावं.) आजोबांची आई त्या हिलसाइडच्या कारखान्यात कामाला होती, मोटरीच्या तारा गुंडाळायच्या टेबलावर. हे यंत्र तिनंच १९५३ च्या नाताळात घरी आणलं होतं.

महिनाअखेरीस आजोबा वृद्धाश्रमातल्या एका खोलीत राहायला जाणार होते. घर विकलं होतं. खोलीत फळी एकच. त्यांनी स्वतःच नियम केला होता की जे चालतं ते न्यायचं, जे चालत नाही ते अंगणात मांडून विकायचं. एका जुन्या खेळण्यांच्या दुकानदारानं सांगितलं, मोटर काढून दुसरी बसवून देतो. ते त्यांना नको होतं. "मग त्यात उरलं काय?" असं ते म्हणाले. कारखान्यात शेकडो बाया होत्या आणि नेमकी हीच मोटर आईनं गुंडाळली असेल असं काही नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण तसं नसेलच असंही कुणी सांगू शकत नव्हतं.

त्यांचे हात थरथरतात. स्क्रू दिसतो, पण पेचकस त्यावर टिकत नाही. मला त्यातलं काही कळत नाही, पण हात अजून स्थिर आहेत. तेव्हा ते खुर्चीत आणि मी टेबलाशी, असं आमचं जमलं. भाषेची अडचण येईल असं वाटलं होतं. मी मराठी माध्यमाची, त्यातून बीए. पण विज्ञानाच्या शिक्षकांची वानवा असताना वरच्या वर्गांना मी 'विद्युत चलित्र' शिकवलेलं आहे. ते 'कॉइल' म्हणाले की मी मनात 'कुंतल' म्हणे. 'कम्युटेटर' म्हणाले की फळ्यावर काढलेलं ते दुभंगलेलं कडं डोळ्यांपुढं येई. इतक्या वर्षांत ते प्रत्यक्ष उघडून बघायची वेळ आली नव्हती, ती आता आली.

आधी बाहेरून. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरीचं रबर तडकलं होतं, तो भिंतीत खुपसायला जावयानं साफ मनाई केली आणि स्वतःचा नवा आणून दिला. यंत्राच्या खुंट्यांना छोटा दिवा जोडून पाहिला. दिवा लागला, म्हणजे वीज दारापर्यंत येते आहे. प्लग काढला आणि झाकण उघडलं.

आता या मोटरीची रचना अशी, की बाहेरचं न हलणारं वेटोळं आणि आतलं फिरणारं वेटोळं एकाच साखळीत असतात. दोघांच्या मध्ये दोन ब्रश, म्हणजे कार्बनचे बारीक ठोकळे, मागच्या स्प्रिंगनं त्या कड्यावर दाबलेले. साखळीची एक कडी सुटली की सगळंच गप्प. बाहेरचं वेटोळं मल्टिमीटरनं ठीक दाखवलं. मग दोन स्क्रू काढून ब्रशांची पट्टी उचलली. सत्तर वर्षांचं तेल आणि कार्बनची भुकटी यांची नळीत काळी खळ झाली होती, आणि एक ब्रश त्यात अर्ध्यावरच रुतून बसला होता. कड्यापर्यंत पोचतच नव्हता!

आजोबांना तेवढ्यानं बरं वाटलं नाही. "आधी आतलं वेटोळं बघा," म्हणाले. कड्याचे तीन तुकडे असतात, त्यातल्या दोन-दोनांमध्ये मीटर लावायचा. तिन्ही वेळा आकडा सारखा आला पाहिजे. एक जरी वेगळा आला तर आतली तार गेली, आणि मग दुकानदाराचंच ऐकायचं. मी पहिला आकडा वाचला. दुसरा वाचला, तोच. तिसऱ्याला ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. तोही तोच. मग एक टोक दांड्याला लावून पाहिलं. दांड्यात वीज उतरत नव्हती. तार शाबूत होती. आजोबा काहीच बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला.

पुढचं काम हे माझ्या सवयीचं निघालं. कडं पुसायला त्यांनी काय सांगावं? खोडरबर! पॉलिश पेपरनं तांबं झिजतं, पेन्सिलीच्या खोडरबरानं चकाकतं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, कानकाड्या, आणि तुकड्यांमधल्या खाचा कोरायला टूथपिक. ब्रश नळीत सुळसुळ खालीवर झाला तेव्हा मी वीज दिली.

मोटर गुरगुरली. फिरली नाही.

मला तर आनंदच झाला. गप्प बसलेली आता बोलू लागली होती, म्हणजे राहिलेलं दुखणं निव्वळ अडकण्याचं. बोटानं ढकलल्यावर चार फेरे घेऊन थांबली. दातेरी चक्रांतलं ग्रीस थिजून शिळ्या काकवीसारखं झालं होतं. ते काढण्यात एक अख्खी दुपार गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. शेवटी दांड्याच्या दोन टोकांना तेलाचा एकेक थेंब. "एकच! आणि कड्यावर मुळीच नाही," हे आजोबांनी किमान सहा वेळा सांगितलं असेल. वर्गात मीही अशीच असणार.

पट्टा निघाला. खडखड खडखड, मिक्सरलाही लाजवेल इतका आवाज. आजोबांनी थरथरत्या हातानं ताटात कोळसा ओतला, निम्मा टेबलावर सांडला. उरलेला पट्ट्यावरून डुलत डुलत वर गेला आणि पलीकडे डबा ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं, म्हणून जमिनीवर पडला. तो आम्ही दोघांनी गोळा केला. मग डबा लावून पुन्हा चालवलं.

मोटरीवर पुन्हा झाकण बसवताना ते म्हणाले, आई घरी आली की तिच्या बोटांना वार्निशचा वास यायचा. मग मुलाला फोन लावून त्यांनी वृद्धाश्रमातल्या त्या फळीची लांबी विचारली.