अर्धे आवळलेले बोल्ट

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण काही केल्या डोक्यातून जात नाही. गच्चीवरचं टेबल आणि खुर्च्या जोडायला पैसे मोजून ॲपवरून माणूस बोलावला, ते योग्य झालं का? सुटे भाग, ॲलन की, चित्रांची पुस्तिका, सगळं खोक्यात होतं; कुणालाही जोडता यावं म्हणूनच ते तसं बनवतात.

1859 साली व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने चौदा नंबरची खुर्ची काढली. वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या पेटीत मावत आणि पोचतील तिथे जोडल्या जात. पुढे हळूहळू सुताराच्या कामाचा हा शेवटचा टप्पा गिऱ्हाइकाच्या घरात आला. मी तो पुन्हा दुसऱ्याच्या हाती दिला.

पण त्या हातांना काम येत होतं. “ताई, आधी सगळे बोल्ट सैलच ठेवायचे,” तो म्हणाला. पहिलाच घट्ट आवळला तर शेवटचं भोक जुळत नाही. हॉलच्या फरशीवर पक्कं उभं राहिलेलं टेबल गच्चीवर डुगडुगलं, कारण पाणी वाहून जायला गच्चीला ढाळ असतो. तो टेबल फिरवत, पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिला. जाताना म्हणाला, पावसाळ्यानंतर एकदा आवळून घ्या, लाकूड फुगतं-आक्रसतं.

पावसाळ्यानंतर तो येणार नाही. ॲप दुसऱ्या कुणाला पाठवेल. गावचा सुतार नांगर-तिफणी दुरुस्त करायचा, सुगीला बलुतं न्यायचा, आणि काम ढिलं झालं की तोच पुन्हा यायचा. जातीने बांधून घातलेलं ते येणं परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. तरी आपण केलेली वस्तू वर्षभराने बघायला मिळणं, एवढं तरी त्यातलं उरायला हवं होतं.

आणि जगन्नाथ! ज्याच्या नावाने आपण स्वतःच्या हाताची थोरवी सांगतो, त्या पुरीच्या मूर्तीचे हात अपुरे आहेत. मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाची. ठरावीक वर्षांनी ती नवी घडवतात, 2015 साली घडवली तशी. कथेत ती घडवायला विश्वकर्मा म्हाताऱ्या सुताराच्या रूपात येतो. अट एकच: काम संपेपर्यंत दार उघडायचं नाही. मग एक दिवस आतला आवाज थांबतो. म्हातारा उपाशीपोटी मेला तर नाही ना, या धास्तीने राणी दार उघडायला लावते. सुतार नाहीसा होतो, हात राहून जातात.

लहानपणी मला ही उतावळेपणाची गोष्ट वाटायची. आता राणीला दोष देववत नाही. बंद दाराआड राबणाऱ्या माणसाची तिला काळजी वाटली होती. टेबल जोडणारा तो माणूस काम करत होता तेव्हा मीही सारखी गच्चीच्या दारात जात होते. पाणी हवं का, पंखा आणून लावू का, असं विचारत होते, आणि त्याच वेळी नजर बोल्टांवरही होती. त्याला यातलं काय पोचलं असेल? विश्वकर्म्याला तर राणीच्या मनातलं नक्कीच कळलं असणार. कळूनही तो थांबला नाही, हे मला अजून उमगत नाही.