साखळीचे मोल

संघाची यादी हाती आली की मनुष्य ती वरून खाली वाचतो, आणि वरती बहुधा चढाई करणाराचे नाव असते. सात जणांच्या मुलखात एकटा शिरणारा आणि गुण मिळवून मध्यरेषेवर झेपावणारा हा वीर सर्वांच्या डोळ्यांत भरावा हे स्वाभाविकच आहे. त्याच्या पराक्रमाला साक्षीदार शोधावे लागत नाहीत. उलट, कोपऱ्यात पाय रोवून उभा असलेला गडी सामन्याच्या चाळीस मिनिटांपैकी बहुतेक वेळ नुसता उभाच आहे, असे पाहणाराला वाटते. व्यावसायिक कबड्डीचा नवा हंगाम जवळ आला म्हणजे आमच्या भोईवाड्यात जो वाद रंगतो, तोही याच कारणाने एका प्रश्नाभोवती फिरतो : यंदा चढाईला कोण? मी मात्र यादी खालून वर वाचतो. ही माझी खोड आहे असे शेजारी म्हणतात. तिला काही आधार आहे, असे माझे म्हणणे आहे.

परळ आणि नायगाव यांच्यामध्ये वसलेल्या या वस्तीला कबड्डी शिकवावी लागली नाही. गिरण्यांच्या पाळ्या सुटल्यावर चाळीपुढच्या मातीत हुतूतू खेळणाऱ्यांची ही वस्ती. ज्या खेळाचे नियम 1923 साली छापून प्रसिद्ध झाले, तो खेळ येथील मुलांच्या अंगात त्या नियमांपूर्वीच भिनलेला होता. त्यामुळे येथला प्रेक्षक सहजी फसत नाही. पण लिलावातले आकडे भल्याभल्यांची दृष्टी झाकोळून टाकतात. तेथे आमच्या वस्तीचा तरी काय पाड!

पकड कशी होते हे थोडे सावकाश पाहिले पाहिजे. चढाई करणाराला तीस सेकंद मिळतात. तो डावीकडे झुकला की डावा कोपरारक्षक एक पाऊल मागे सरतो. त्याच क्षणी त्याच्या शेजारचा मध्यरक्षक अर्धे पाऊल आत येतो. कोपऱ्याचा गडी घोट्याला हात घालतो, त्या निमिषात शेजाऱ्याचा धक्का बसला नाही तर घोटा निसटतो आणि एकाऐवजी दोन गडी बाद होतात. म्हणजे पकड ही दिसते एकाची, पण असते दोघा-तिघांची. कोपरेवाल्याने हात घालण्याचे धाडस केले, ते शेजारी येणार या विश्वासावर. आणि शेजारी आला, तो हा आता हात घालणार हे न सांगता कळले म्हणून. हा विश्वास तालमीत शिकवता येतो, परंतु तो पक्का होण्यास दिवसच लागतात.

दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. म्हणून न धावता, न चिडता, दोन वेळा समोरच्याला रिकाम्या हाती परत पाठवणे हेही बचावाचेच काम आहे. परंतु हा संयम कोणत्या वहीत लिहिला जातो? गुणफलकावर तो उमटत नाही. अमेरिकेत बास्केटबॉलच्या खेळात बिल रसेल या बचावपटूच्या बळावर बॉस्टनच्या संघाने 1957 ते 1969 या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवली. पण तेथील व्यावसायिक संघटनेने अडवलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद ठेवण्यास प्रारंभ केला तो 1973च्या हंगामापासून, म्हणजे रसेल निवृत्त झाल्यावर! जे मोजले जात नाही त्याला बाजारात भाव येत नाही, हा नियम बॉस्टनला लागू तसाच परळलाही.

आमच्या मुंबईच्या संघाचीच कथा घ्या. यू मुंबा हा संघ 2014 साली, प्रो कबड्डीच्या पहिल्याच हंगामात अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि जयपूरकडून हरला. 2015 साली त्याने बंगळूरला 36-30 असे नमवून अजिंक्यपद मिळवले. कर्णधार अनुप कुमारचे कौतुक त्या वेळी झाले आणि ते योग्यच होते. पण त्या यशाचा पाया कोपऱ्यांत होता : सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, आणि त्यांना आधार देणारे विशाल माने व जीवा कुमार. 2016च्या आरंभीच्या हंगामातही हा संघ अंतिम सामन्यात पोचला. पाटण्याकडून अवघ्या तीन गुणांनी हरला. नंतर लिलाव झाला. मोहितला 53 लाखांची, त्या हंगामातली सर्वांत मोठी बोली लागून तो बंगळूरला गेला. नाडाही तेथेच गेला. अनुप कुमार मुंबईतच राहिला. तरीही त्या वर्षी मुंबईचा संघ प्रथमच उपांत्य फेरीला मुकला. आणि गंमत अशी की, दोन्ही कोपरे विकत घेणारा बंगळूरचा संघदेखील त्या फेरीत पोचला नाही! कडी नेता येते, साखळी नेता येत नाही.

याच्या उलट उदाहरणही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 2017 साली गुजरातच्या संघात फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी हे दोन इराणी गडी कोपऱ्यांत, आणि सुनील कुमार व परवेश भैंसवाल मध्ये, अशी भिंत उभी होती. तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. पण तेथे पाटण्याच्या परदीप नरवालने ती भिंत फोडली आणि निकाल 55-38 असा लागला. तेव्हा उत्तम बचाव म्हणजे विजयाची हमी, असे मी म्हणत नाही. एखादा दिवस एखाद्या माणसाचा असतोच. परंतु हंगाम एका दिवसाचा नसतो.

त्या भिंतीतला फझल 2018 साली मुंबईला आला, आणि एक कोटीची बोली लागलेला या स्पर्धेतला पहिला खेळाडू ठरला. बचावपटूला कोटीचा मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला. त्याच्या नेतृत्वाखाली संघ 2018 व 2019 अशा दोन्ही वर्षी बाद फेरीत पोचला. पुढे मात्र सलग तीन हंगाम संघ त्या फेरीबाहेर राहिला. 2024 साली चालकांनी सुनील कुमारसाठी एक कोटी दीड लाख रुपये मोजले, आणि त्याच्या जोडीला त्याचा गुजरातमधला जुना सोबती परवेश यालाही आणले. माझ्या मते त्या लिलावातला शहाणपणा पहिल्या खरेदीपेक्षा दुसरीत अधिक होता. त्या वर्षी संघ पुन्हा बाद फेरीत आला. पहिल्याच बाद सामन्यात पाटण्याने त्याला घरी पाठवले, आणि अजित चौहानच्या चढायांचा त्या वाटचालीत मोठा वाटा होता, हे मान्य करूनही एवढे म्हणता येईल की, संघ पुन्हा उभा राहिला तो ओळखीच्या खांद्यांवर.

एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘सर, या संघात मुंबईची मुले अशी किती? हरियाणाचे, तामिळनाडूचे, इराणचे गडी घेऊन मुंबईचे नाव कशाला लावायचे?’ मी त्याला म्हटले, ‘तुझे आजोबा कोठून आले?’ तो हसला. त्याचे आजोबा साताऱ्याहून गिरणीत आले होते. शेजारच्या खोलीतले रत्नागिरीचे, समोरचे कोल्हापूरचे. एका खात्यात काम, एका नळावर पाणी, एका मातीत खेळ, यांतून त्यांची साखळी झाली. ती गावाने वा जातीने झाली नव्हती. सहवासाने झाली होती. भोई पालखी वाहतात तेव्हा त्यांची गावे एक असावी लागत नाहीत, पावले एक पडावी लागतात.

हा विचार मला केवळ खेळापुरता वाटत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. पुढे चाळी पडू लागल्या, उंच इमारती उठल्या, आणि पुष्कळ कुटुंबे विरार-बदलापूरकडे सरकली. वस्तीतला उमदा कोपरारक्षक आता दीड तासाची लोकल पकडून सरावाला येतो. काही दिवसांनी येईनासा होतो. चढाई करणारा मुलगा एकटा घडवता येतो. त्याला गती हवी, दम हवा, छाती हवी. पण पकडीचा संच एकट्याने घडत नाही. त्याला रोज संध्याकाळी तीच सात माणसे हवीत. ज्या वस्तीतून माणसे विखुरतात तेथे बचाव आधी ढासळतो. कारखाना असो, कुटुंब असो वा महाविद्यालयातला एखादा विभाग असो, हाच अनुभव येतो. गुणी माणसे मिळतात. एकमेकांची पावले ओळखणारी माणसे दुर्मिळ.

म्हणून नव्या हंगामाची यादी आली की मी तिला तीन प्रश्न विचारतो. कोपरा आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक किती काळ एकत्र उभे राहिले आहेत? त्यांपैकी एकाचा गुडघा दुखावला तर त्याच बाजूचे काम जाणणारा कोणी बाकावर बसला आहे काय? आणि तिसऱ्या चढाईच्या वेळी ‘थांब’ म्हणणारा, व ज्याचे ऐकले जाते असा, आवाज कोणाचा आहे? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असली, तर चढाईला कोण आहे याची मी फारशी चिंता करीत नाही. ती नसली, तर सर्वांत मोठी बोली लागलेले नाव वाचूनही माझा उत्साह वाढत नाही. बोलीचा आकडा एका माणसाची किंमत सांगतो. त्याच्या शेजारी कोण उभा आहे, हे तो सांगत नाही.